हप्ता न भरता घरातून पैसे: रिव्हर्स मॉर्गेजचा खरा हिशेब

"घर तुमचंच राहील, हप्ता एक रुपयाही नाही, उलट बँकच तुम्हाला दरमहा पैसे देईल." सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर काही महिन्यांनी असा मेसेज फिरतो. निम्मे लोक त्याखाली हात जोडतात, उरलेले निम्मे 'फ्रॉड असणार' म्हणून मोकळे होतात. योजना खरी आहे, सरकारमान्य आहे आणि २००७ पासून आहे. मेसेजमध्ये एकच गोष्ट सांगितलेली नसते: महिन्याला नक्की किती रुपये हातात पडतात.

पुण्यात हा प्रश्न जास्त टोचतो. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत सत्तरी ओलांडलेली कितीतरी जोडपी अशी आहेत की नावावर कोटीचा फ्लॅट आणि खात्यावर जेमतेम औषधपाण्यापुरते पैसे. सरकारी नोकरी केलेल्यांचं पेन्शनवर भागतं. पिंपरी-चिंचवडच्या खासगी कारखान्यांत हयात घालवलेल्यांच्या हाती मात्र ईपीएस-९५ या पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेचे अनेकदा दोन-अडीच हजार रुपयेच येतात. घर खाता येत नाही आणि विकवत नाही, अशी ही कोंडी.

उलटं म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या गृहकर्जात बँक सुरुवातीला मोठी रक्कम देते, आपण ती हप्त्यांनी फेडतो आणि कर्ज कमी कमी होत जातं. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये बँक दरमहा थोडी रक्कम देते, कर्ज वाढत जातं आणि फेड होते ती एकदाच, अगदी शेवटी. घर बँकेकडे तारण राहतं. मालकी तुमची, राहणारे तुम्ही, घरावर बोजा मात्र बँकेचा.

वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखाच हा प्रकार. दर महिन्याला सामान न्यायचं, पैसे द्यायचे नाहीत, वाणी लिहून ठेवणार. फक्त हा वाणी मागच्या उधारीवर व्याजही लिहितो आणि पुढच्या महिन्यात त्या व्याजावरही व्याज. 'हप्ता नाही' हे अक्षरशः खरं आहे, पण व्याज पहिल्या महिन्यापासून चालू असतं.

२००७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी ही कल्पना मांडली आणि त्याच वर्षी नॅशनल हाउसिंग बँकेने तिचे नियम काढले. अर्जदाराचं वय किमान ६० हवं. नवरा-बायको मिळून अर्ज करत असतील तर दुसऱ्याचं किमान ५५ चालतं. घर स्वतः घेतलेलं, स्वतः राहत असलेलं आणि निर्वेध मालकीचं हवं. पैसे मिळण्याची मुदत जास्तीत जास्त २० वर्षं. महिन्याच्या रकमेला ५० हजारांची कमाल मर्यादा आहे. आजारपणासारख्या कारणासाठी काही रक्कम एकदम उचलता येते, पण तीही एकूण पात्र कर्जाच्या निम्म्यापर्यंत आणि फार तर १५ लाख. हे पैसे धंद्यात किंवा सट्ट्यात घालता येत नाहीत.

मग महिन्याला हातात किती?

बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो, म्हणून इथे जरा वेळ काढू.

समजा कोथरूडमधला फ्लॅट एक कोटीचा आहे. बँक कोटीच्या कोटी धरत नाही. अर्जदाराचं वय आणि घराची किंमत पाहून ती एक मर्यादा ठरवते. वय जास्त तर मर्यादाही जास्त. आपण ६० लाख धरू. आता मख्खी इथे आहे: या ६० लाखांत तुम्हाला मिळणारे पैसेही आले आणि मुदत संपेपर्यंत त्यावर चढणारं सगळं व्याजही आलं. साठ लाखांना १८० महिन्यांनी भागून 'महिना तेहेतीस हजार' असा हिशेब मांडणारे फसतात.

व्याजदर उदाहरणापुरता दहा टक्के धरला तर चित्र असं दिसतं. मुदत १५ वर्षांची घेतली तर महिन्याला सुमारे १४,५०० रुपये. पंधरा वर्षांत हातात आले साधारण २६ लाख, व्याज झालं ३४ लाख. मुदत २० वर्षांची केली तर महिन्याला जेमतेम ७,९००. एकूण हातात १९ लाख आणि व्याज ४१ लाख! उलट मुदत १० वर्षांची ठेवली तर महिन्याला २९ हजारांच्या वर मिळतात, एकूण ३५ लाख.

म्हणजे घर तेच, बँक तीच, व्याजदरही तोच. केवळ मुदत बदलली की कोटीचं घर महिन्याला आठ हजार देतं किंवा एकोणतीस हजार. 'जितकी लांब मुदत तितकं बरं' हा आपला गृहकर्जातला संस्कार इथे महागात पडतो. साठीतल्या माणसाने वीस वर्षांसाठी हे कर्ज घेणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. पंचाहत्तरीनंतर, दहा वर्षांच्या मुदतीने, त्यात काही अर्थ दिसतो.

मिळणाऱ्या पैशांवर प्राप्तिकर नाही. हे कर्ज आहे, उत्पन्न नव्हे, ही गोष्ट २००८ मध्येच कायद्यात स्पष्ट झाली. घर तारण ठेवणं म्हणजे विकणं नव्हे, हेही त्याच वेळी मान्य झालं. भांडवली नफ्यावरचा कर लागतो तो पुढे वसुलीसाठी घर विकलं जाईल तेव्हा.

मुदत संपली आणि आम्ही अजून ठणठणीत असलो तर?

तर बँक तुम्हाला बाहेर काढत नाही. मासिक पैसे बंद होतात, राहण्याचा हक्क कायम राहतो. नवरा-बायको दोघांच्या नावे कर्ज असेल तर दोघांपैकी शेवटचा माणूस हयात असेपर्यंत.

व्याज मात्र थांबत नाही. पंधरा वर्षांनी जे ६० लाख झाले, ते आणखी पाच वर्षांनी दहा टक्क्यांनी ९८ लाखांच्या पुढे जातात. मग घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालं तर? अटी पाळलेल्या असतील तर बँकेला घराच्या विक्रीतून येतील तेवढ्यावरच समाधान मानावं लागतं. उरलेली रक्कम ना तुमच्या इतर ठेवींतून वसूल करता येते, ना मुलांकडून. माझ्या मते या योजनेतलं सगळ्यात मोलाचं कलम हे आहे आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ता नसतो. बँका या कर्जाच्या जाहिराती फारशा का करत नाहीत, याचं एक उत्तरही त्यातच आहे: ग्राहक किती जगणार आणि घराचा भाव काय होणार, या दोन्हींचा धोका बँकेच्या गळ्यात.

पण खरी अडचण वेगळीच आहे. पंचाऐंशीव्या वर्षी, खर्च सगळ्यात जास्त असताना, दरमहा येणारे पैसे थांबलेले असतात. हे ओळखून २००९ मध्ये एक सुधारित प्रकार आला. त्यात बँक एकरकमी पैसे विमा कंपनीला देते आणि विमा कंपनी तहहयात पेन्शन देत राहते. कल्पना चांगली, पण ती देणारे थोडेच निघाले.

मुलं काय म्हणतील?

पुण्यात ही योजना अडते ती बहुतेक वेळा दिवाणखान्यात, बँकेपर्यंत पोचण्याआधीच. 'आईबाबांनी घर गहाण टाकलं' हे वाक्य कुणालाच ऐकायचं नसतं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर वारसांचा हक्क शाबूत असतो. शेवटच्या कर्जदाराच्या निधनानंतर बँकेने आधी वारसांना विचारायचं असतं: थकलेली रक्कम भरून घर सोडवता का? नाही म्हणाले तर विक्री, आणि कर्ज वळतं करून उरलेले पैसे वारसांचे. वरच्याच उदाहरणात पाच वर्षांनी हा प्रसंग आला तर बँकेचं देणं साधारण सव्वाअकरा लाख असेल. कोटीचं घर अकरा लाखांत सोडवणं बहुतेक मुलांना जमेल. मात्र विक्रीसाठी मिळणारी मुदत महिन्यांत मोजायची असते, वर्षांत नाही. मुलगी ऑस्टिनला आणि मुलगा बंगळुरूला असेल तर कागदपत्रं, किल्ल्या आणि वारसा हक्काची कामं कोण करणार, हे आधीच ठरलेलं बरं.

आणि मुलांचा अगदीच विरोध असेल तर त्यांच्यासमोर हाच हिशेब ठेवावा. बँक महिन्याला साडेचौदा हजार देऊन पंधरा वर्षांनी ६० लाख मागणार आहे. दोन भावंडांनी मिळून तेवढेच, म्हणजे प्रत्येकी सव्वासात हजार, आईवडिलांना पाठवले तर ३४ लाखांचं व्याज घरातच राहतं. कुणी किती दिले याची नोंद ठेवावी आणि त्याप्रमाणे मृत्युपत्र करावं. बोलायला अवघड वाटतं खरं, पण पुढे भावंडांत कोर्टकचेरी होण्यापेक्षा चहाच्या टेबलावरचा अवघडलेपणा परवडला.

पुण्यातली घरं या चौकटीत बसतात का?

सगळी नाही बसत. पेठांमधला वाडा असेल, सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर आजोबांपासूनची सात-आठ नावं असतील, चुलत्यांचे हिस्से पडलेले नसतील, तर विषय तिथेच संपतो. घर स्वकष्टार्जित आणि मालकी स्वच्छ हवी. पगडीवर राहणाऱ्यांचा तर प्रश्नच येत नाही. उपनगरांत एक-दोन गुंठ्यांवर बांधलेली, मंजूर नकाशा नसलेली घरंही बाद.

खरा पेच १९८०-९० च्या दशकांतल्या इमारतींचा आहे. बँकेला इमारतीचं उरलेलं आयुष्य किमान २० वर्षं हवं असतं. चाळीस वर्षांच्या, लिफ्ट नसलेल्या, गळक्या गच्चीच्या इमारतीला असा दाखला मिळणं कठीण. शिवाय अशा सोसायट्यांत रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतात. घरावर बँकेचा बोजा असेल तर बिल्डरशी करार करताना बँकेची संमती लागणार. त्यातून दोन-तीन वर्षं दुसरीकडे भाड्याने राहावं लागणार आणि या कर्जाची तर मूळ अटच 'त्याच घरात राहणं' ही. सोसायटीत रिडेव्हलपमेंटचा ठराव झाला असेल किंवा होण्याच्या बेतात असेल, तर रिव्हर्स मॉर्गेज सध्या बाजूला ठेवावं, असं मी म्हणेन.

खरं तर कोथरूड-एरंडवण्यात हप्ता न भरता घरातून पैसे काढण्याची रूढ वाट रिडेव्हलपमेंट हीच झाली आहे. मोठं घर, मधल्या काळाचं भाडं आणि वर कॉर्पस म्हणून काही लाख रुपये. वाढीव क्षेत्र न घेता त्याच्या बदल्यात पैसे घेण्याची सोय काही करारांत असते. ज्येष्ठांनी ती जरूर विचारावी. ऐंशीव्या वर्षी दीडशे फूट जास्तीच्या बेडरूमपेक्षा बँकेतली रक्कम उपयोगी पडते, आणि जास्त जागेबरोबर वाढणारा मेंटेनन्सही टळतो.

अमेरिकेला मुलीकडे गेलो तर?

सहा महिने राहून परत आलात तर काही बिघडत नाही. सलग वर्षभर घरात राहिला नाहीत तर मात्र बँक कर्ज परत मागू शकते. कायमचं मुलांकडे किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलात तरी तेच. घरपट्टी थकवली, घराचा विमा उतरवला नाही, घराचा काही भाग भाड्याने दिला किंवा मालकीत नवं नाव चढवलं, तरी अडचण येते.

भाड्याची अट इथे खासकरून जाचते. विद्यार्थ्यांना एक खोली देऊन महिन्याला सात-आठ हजार मिळवणारी ज्येष्ठ जोडपी या शहरात नवी नाहीत. दोन्ही गोष्टी एकदम चालणार नाहीत. शिवाय स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका करआकारणीत ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की तीही जाते.

परदेशात म्हणे याहून चांगल्या सोयी आहेत?

वेगळ्या आहेत. अमेरिकेत ६२ वर्षांवरच्यांसाठी सरकारी विम्याचं संरक्षण असलेलं रिव्हर्स मॉर्गेज आहे. त्यात घरात राहत असेपर्यंत दरमहा पैसे मिळण्याचा पर्यायही निवडता येतो. त्या विम्याचा खर्च मात्र ग्राहकाच्याच कर्जात चढतो. तिकडच्या काही खासगी कंपन्या आणखी एक प्रकार विकतात: आज एकरकमी पैसे घ्या, हप्ता नाही, पुढे घर विकाल तेव्हा किमतीतला वाटा आम्हाला द्या. घराचा भाव चढला तर हा वाटा जबर पडतो. आपल्याकडे असा नियमनाखालचा प्रकार नाही. त्यामुळे पुण्यात कुणी 'घरात भागीदारी घेतो, रोख पैसे देतो' म्हणत आलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय कुठेही सही करू नये.

फ्रान्समध्ये विकत घेणाराच म्हाताऱ्या मालकाला तहहयात महिना देतो आणि त्याच्या पश्चात घर ताब्यात घेतो. आर्ल गावच्या झान कालमाँ या ९० वर्षांच्या बाईंशी १९६५ मध्ये एका वकिलाने असाच सौदा केला, महिना २,५०० फ्रँकचा. वकीलसाहेब १९९५ मध्ये वारले. त्यांच्या पत्नीने महिना चालू ठेवला. कालमाँबाई १९९७ मध्ये गेल्या, वयाच्या १२२ व्या वर्षी. तोवर घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे देऊन झाले होते.

मग घर विकून छोटं घेतलं तर?

रिव्हर्स मॉर्गेजची तुलना खरं तर याच्याशी करायला हवी, आणि बहुतेक घरांत ती होतच नाही. कोटीचा फ्लॅट विकला आणि धायरीकडे किंवा सिंहगड रस्त्यावर लिफ्ट असलेल्या इमारतीत ५५ लाखांचा घेतला असं समजू. पुण्यात मुद्रांक शुल्क, त्यावरच्या अधिभारांसह, सात टक्के. घर एकट्या आजींच्या नावे घेतलं तर सहा. दलाली, सामान हलवणं, नव्या घरात न गुंतवलेल्या नफ्यावरचा कर हे सगळं वजा करून ३५ लाख उरले असं धरा. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिना साडेवीस हजार. मुद्दल जागेवर आणि डोक्यावर कर्ज नाही. हे व्याज करपात्र आहे, पण दुसरं फारसं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत त्यावर कर लागणार नाही.

एकीकडे साडेचौदा हजार आणि वाढतं कर्ज, दुसरीकडे साडेवीस हजार आणि शिल्लक मुद्दल. आकड्यांत तरी दुसरी बाजू सरळसरळ जड आहे. पण चाळीस वर्षांचे शेजारी, ओळखीचे डॉक्टर, सकाळचा हास्यक्लब, उधार देणारा औषधवाला या गोष्टी ८० व्या वर्षी धायरीत नव्याने उभ्या करता येत नाहीत. ज्याला हलायचंच नाही, ज्याचं वय ७५ च्या पुढे आहे, ज्याला मूलबाळ नाही किंवा घराची अपेक्षा नसलेली मुलं आहेत आणि ज्याच्या इमारतीची कागदपत्रं धड आहेत, त्याच्यासाठी रिव्हर्स मॉर्गेज बरं. बाकीच्यांनी आधी छोट्या घराचा विचार करावा.

मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून टाकलं तर?

महाराष्ट्रात राहतं घर मुलांना किंवा नातवंडांना बक्षीस द्यायचं असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे, म्हणून हा मोह फार होतो. 'घर तुझ्या नावावर करतो, आमचं तू बघ.' त्या क्षणी तुम्ही मालक राहत नाही. म्हणजे रिव्हर्स मॉर्गेजही गेलं आणि विक्रीही गेली. २००७ च्याच ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ इथे थोडा आधार देतं: सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. ही अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. त्याहूनही बरं म्हणजे बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावं. ते हवं तेव्हा बदलता येतं.

बँकेत जायचं ठरलंच तर

सोबत खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र आणि घरपट्टीच्या पावत्या न्या. सोसायटीचं कन्व्हेयन्स (म्हणजे जमीन-इमारतीची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावे होणं) झालं आहे का, ते सेक्रेटरींना आधीच विचारून ठेवा. शाखेतल्या कर्मचाऱ्याने या योजनेचं एकही प्रकरण हाताळलेलं नसण्याची शक्यता आहे, म्हणून चिकाटी लागेल. १०, १५ आणि २० वर्षांच्या मुदतीचे मासिक आकडे आणि शेवटी होणारं कर्ज, दोन्ही लेखी मागा. व्याजदर स्थिर की बदलता, प्रक्रिया शुल्क आणि मूल्यांकनाचा खर्च कोणाचा, घराचं फेरमूल्यांकन किती वर्षांनी होणार आणि त्यानंतर मासिक रक्कम बदलणार का, हेही विचारा. नियमाप्रमाणे किमान पाच वर्षांतून एकदा फेरमूल्यांकन व्हायला हवं. मध्येच पैसे हाती आले तर कर्ज कधीही फेडता येतं आणि त्यासाठी दंड लावता येत नाही. कागदांवर सह्या झाल्यावरही मन बदललं तर कामकाजाच्या तीन दिवसांत व्यवहार रद्द करण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यामुळे सह्या शक्यतो अशा आठवड्यात करा जेव्हा मुलगा किंवा मुलगी घरी असेल आणि ते कागद एकदा नीट वाचायला कुणाला तरी वेळ असेल.